स्कॅटर प्लॉटमध्ये नुसता ढग दिसतो किंवा खोटा संबंध दिसतो: कारणे, तपासणी आणि उपाय

समस्येचे स्वरूप

दोन संख्यात्मक स्तंभ निवडून एक क्ष-अक्षावर आणि दुसरा य-अक्षावर घेतला, की पुष्कळदा बिंदूंचा असा गोळा उमटतो की त्यातून काहीच वाचता येत नाही. कधी नेमके उलटे घडते. ट्रेंडलाइन, म्हणजे बिंदूंचा एकूण कल दाखवणारी रेषा, इतकी ठामपणे चढताना दिसते की संबंध सिद्धच झाला असे वाटते, आणि पुढे त्याच माहितीचे दोन-तीन गट पाडताच तो संबंध नाहीसा होतो. स्कॅटर प्लॉट, म्हणजे विखुरलेल्या बिंदूंचा आलेख, वापरणाऱ्यांना ही अडचण एकदा सोडवली म्हणून कायमची सुटत नाही. माहितीचा नवा संच हाती आला की ती नव्याने उभी राहते. माझ्या मते बहुतेक वेळा आलेख काढणाऱ्याने दोन साधे प्रश्न विचारलेले नसतात: एक बिंदू म्हणजे नेमके काय, आणि दिसणाऱ्या एका बिंदूखाली किती नोंदी आहेत? खालील तपासण्या या दोन प्रश्नांभोवतीच आहेत. उदाहरणे शक्यतो सर्वांना मोफत मिळणाऱ्या संचांतून घेतली आहेत, म्हणजे वाचकाला ती स्वतःच्या संगणकावर पडताळता येतील.

आधी स्तंभ खरोखर संख्यांचे आहेत का ते पाहावे

हा भाग थोडक्यात आटोपतो, पण तो वगळू नये. एक्सेलमध्ये ‘लाइन’ आणि ‘स्कॅटर’ हे दोन प्रकार शेजारी-शेजारी असतात. लाइन प्रकारात क्ष-अक्षावरील संख्या केवळ नावे मानल्या जातात आणि समान अंतरावर मांडल्या जातात, त्यामुळे १०, ११ आणि ५०० हे तिन्ही एकमेकांपासून सारखेच दूर दिसतात. स्कॅटर प्रकार निवडूनही क्ष-अक्षावर मुकाट्याने १, २, ३ असे क्रमांक आले असतील, तर त्या स्तंभात कुठेतरी मजकूर शिरला आहे असे समजावे. पायथन किंवा ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषांमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) वाचताना आपल्याकडील १,२५,००० अशा स्वल्पविरामांच्या संख्या सरळ मजकूर म्हणून वाचल्या जातात, वाचतानाच स्वल्पविराम काढून टाकण्याची सूचना द्यावी लागते.

यापेक्षा घातक असतात त्या संख्येच्या वेषात आलेल्या रिकाम्या जागा. भारतीय हवामान विभागाच्या ग्रिड स्वरूपातील, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून दिलेल्या, पावसाच्या फायलींत नोंद नसलेल्या चौकोनांसाठी उणे ९९९ ही संख्या भरलेली असते. ती न काढता आलेख काढला, तर खरा पाऊस वरच्या एका पट्टीत दाटीवाटीने बसतो आणि तळाशी एक निरर्थक ओळ उमटते. ‘आर’मध्ये आलेख काढण्याच्या जीजीप्लॉट-२ या साधनासोबत ५३,९४० हिऱ्यांची जी माहिती मिळते, तिच्यातही काही हिऱ्यांची लांबी, रुंदी किंवा खोली शून्य मिलिमीटर दिली आहे. दोन कॅरेटच्या एका हिऱ्याची रुंदी तर चक्क ५८.९ मिलिमीटर आहे, आणि त्याच ओळीत खोलीची टक्केवारीही ५८.९ आहे, म्हणजे भरताना एका रकान्यातील आकडा दुसऱ्यात गेला, हे उघड दिसते. असा एकच बिंदू संपूर्ण अक्ष ताणून धरतो आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या नोंदी कोपऱ्यात दाबून टाकतो. या ठिकाणी स्कॅटर प्लॉट संबंध शोधण्याच्या आधीचे एक काम करतो, ते म्हणजे चुका पकडण्याचे, आणि ते काम तो सरासरीपेक्षा पुष्कळ चांगले करतो. मात्र बिंदू दूर आहे एवढ्याच कारणाने तो पुसू नये. वरच्या उदाहरणाप्रमाणे मूळ ओळ वाचून कारण सापडले तरच तो दुरुस्त करावा किंवा वगळावा.

बिंदूंवर बिंदू: काळ्या गोळ्याचे मुख्य कारण

हिऱ्यांच्या त्याच माहितीत क्ष-अक्षावर कॅरेटमधील वजन (एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम) आणि य-अक्षावर डॉलरमधील किंमत घेतली, तर वर जाणारा एक काळा पंखा दिसतो. वजन वाढते तशी किंमत वाढते, एवढे त्यातून कळते. परंतु ते आलेखावाचूनही ठाऊक होते. अडचण अशी की जिथे एक नोंद आहे ती जागाही काळी आणि जिथे पाचशे नोंदी आहेत ती जागाही काळीच. डोळ्याला बिंदूंनी व्यापलेला प्रदेश दिसतो, त्यांची दाटी दिसत नाही, आणि संबंधाची बहुतेक माहिती तर दाटीतच असते.

पहिला उपाय बिंदू लहान आणि पारदर्शक करण्याचा. बहुतेक साधनांत ‘अल्फा’ नावाची एक मात्रा असते. ती ०.०१ ठेवली की शंभर बिंदू एकमेकांवर आल्यावर पूर्ण काळा रंग येतो असे सर्रास सांगितले जाते, पण ते बरोबर नाही: प्रत्येक थर उरलेल्या पांढऱ्याचा एकशतांश भागच झाकतो, म्हणून शंभर थरांनंतर सुमारे ६३ टक्के काळेपणा येतो. व्यवहारात ०.०५ पासून सुरुवात करून दाट भाग करडा दिसेपर्यंत मात्रा कमी करत जावे. पारदर्शकतेचा तोटा असा की एकटे पडलेले बिंदू दिसेनासे होतात. म्हणून नोंदी दहा हजारांच्या पुढे गेल्या की मी स्वतः षट्कोनी चौकटींचा आलेख पसंत करतो. त्यात पृष्ठभागाचे लहान षट्कोन पाडून प्रत्येकात किती नोंदी आहेत त्यानुसार रंग भरला जातो. डॅनियल कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मोठ्या संचांसाठी ही पद्धत मांडली, आणि पायथनमधील मॅटप्लॉटलिब व ‘आर’मधील जीजीप्लॉट या दोन्हींत ती ‘हेक्सबिन’ किंवा ‘हेक्स’ या नावाने तयार मिळते. नोंदींची संख्या दाखवणारा रंग लॉग पट्टीवर (जिच्यावर प्रत्येक समान अंतराला मूल्य समान पटीने वाढते, जसे १, १०, १००) घेतला नाही, तर एक-दोन षट्कोन भडक आणि बाकीचे सगळे फिकट राहतात, एवढे लक्षात असू द्यावे.

हे केल्यावर हिऱ्यांच्या आलेखात एकदम नवी गोष्ट दिसू लागते. १, १.५ आणि २ कॅरेटच्या जागी उभे पट्टे उमटतात, आणि प्रत्येक पट्ट्याच्या डावीकडे जवळजवळ रिकामी जागा असते. मोजून पाहिले तर या माहितीत ०.९९ कॅरेटचे हिरे २३ आहेत आणि बरोबर १ कॅरेटचे १,५५८. पैलू पाडणारा कारागीर वजन अशा ठरावीक आकड्यांच्या खाली जाऊ देत नाही, कारण तिथे भाव एकदम उतरतो. म्हणजे वजन हे इथे निसर्गाने दिलेले स्वतंत्र चल राहिलेले नाही. किमतीचा विचार करून ते ठरवले गेले आहे. वजनावरून किंमत सांगणारी कोणतीही रेषा काढण्याआधी हे माहीत असायला हवे, आणि काळ्या गोळ्याखाली ते पूर्णपणे झाकले गेले होते.

दाटीचा दुसरा प्रकार नोंदी कमी असतानाही आढळतो. आकडे जवळच्या पूर्णांकात लिहिलेले असले की अनेक नोंदी तंतोतंत एकाच जागी पडतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांची प्रौढ मुले यांच्या उंचीची जी प्रसिद्ध सारणी छापली, तिच्यात ९२८ मुलांच्या नोंदी आहेत. पण पालकांच्या उंचीचे ११ आणि मुलांच्या उंचीचे १४ वर्ग असल्यामुळे कितीही प्रयत्न केला तरी आलेखात १५४ पेक्षा जास्त वेगळे बिंदू दिसूच शकत नाहीत. अशा वेळी प्रत्येक बिंदू यदृच्छेने किंचित हलवावा. साधनांमध्ये याला ‘जिटर’ म्हणतात. हलवण्याचे अंतर वर्गाच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमी ठेवावे, नाहीतर एका वर्गातील नोंदी दुसऱ्यात शिरल्यासारख्या दिसतात. ही हालचाल केवळ चित्रापुरती असावी आणि सहसंबंध गुणांक (दोन राशींचा सरळ रेषेतला संबंध किती घट्ट आहे हे उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान सांगणारा आकडा) नेहमी मूळ आकड्यांवरूनच काढावा. गाल्टन यांनी स्वतः बिंदू न मांडता प्रत्येक चौकटीत संख्या लिहिली होती, आणि त्या संख्यांवरूनच त्यांना समान दाटीच्या लंबवर्तुळाकार रेषा दिसल्या. षट्कोनी आलेखामागचा विचार याहून फारसा निराळा नाही.

पट्टी बदलून पाहावी

किंमत, उत्पन्न, लोकसंख्या, प्राण्यांचे वजन अशा राशींत बहुतेक नोंदी लहान आणि मोजक्या नोंदी प्रचंड मोठ्या असतात. साध्या पट्टीवर त्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गोळा होतात. हिऱ्यांच्या बाबतीत दोन्ही अक्ष लॉग पट्टीवर घेतले की वाकडा पंखा जवळजवळ सरळ पट्ट्यात बदलतो, आणि त्या पट्ट्याचा उतार सुमारे १.६८ येतो. याचा अर्थ वजन दुप्पट झाले की किंमत सरासरी सुमारे ३.२ पट होते. साध्या पट्टीवरील रेषेतून हे विधान निघूच शकले नसते. शून्य किंवा ऋण मूल्ये असतील तर लॉग पट्टी चालत नाही आणि बरीच साधने त्या नोंदी गुपचूप गाळतात. म्हणून पट्टी बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर आलेखात किती नोंदी आहेत ते मोजून पाहावे.

अक्षांच्या मर्यादांनीही डोळा फसतो. विल्यम क्लीव्हलंड, पर्सी डायाकोनिस आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने दाखवले की तोच ढग मोठ्या चौकटीत लहान आकाराने काढला तर पाहणाऱ्यांना संबंध अधिक घट्ट वाटतो. दोन शहरांच्या किंवा दोन वर्षांच्या आलेखांची तुलना करायची असल्यास दोन्हींच्या अक्षांच्या मर्यादा सारख्याच ठेवाव्यात. साधनाने आपोआप निवडलेल्या मर्यादांवर विसंबू नये.

गट मिसळले आहेत का?

माझ्या अनुभवात सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहात २००७ ते २००९ या काळात क्रिस्टन गोर्मन आणि पामर स्टेशनच्या संशोधकांनी ३४४ पेंग्विनांची मोजमापे घेतली. चोचीची लांबी आणि चोचीची जाडी यांचा स्कॅटर प्लॉट काढला, तर सहसंबंध गुणांक सुमारे उणे ०.२४ येतो, म्हणजे चोच जितकी लांब तितकी ती बारीक, असा निष्कर्ष निघतो. आता बिंदूंना प्रजातीनुसार तीन रंग द्यावेत. अॅडेलीमध्ये गुणांक सुमारे अधिक ०.३९, चिनस्ट्रॅपमध्ये ०.६५ आणि जेंटूमध्ये ०.६४ आहे. प्रत्येक प्रजातीत लांब चोच ही जाड चोच असते, आणि तिन्ही एकत्र केल्या की चिन्ह उलटते. कारण सरासरीत सापडते: अॅडेलीची चोच सुमारे ३८.८ मिलिमीटर लांब आणि १८.३ मिलिमीटर जाड, तर जेंटूची ४७.५ लांब आणि १५ जाड. एकत्रित रेषा पेंग्विनांविषयी काही सांगत नाही. ती या दोन प्रजातींच्या केंद्रांना जोडते. संख्याशास्त्रात हा उलटफेर सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो.

यावरील उपाय पाच मिनिटांचा आहे. संचात जितके वर्गवारीचे स्तंभ असतील, म्हणजे लिंग, तालुका, वर्ष, यंत्र, पाळी, नोंद घेणारी व्यक्ती, तितक्या वेळा तोच आलेख रंग बदलून काढावा. गट चारपेक्षा जास्त असतील किंवा दाटी फार असेल, तर रंगांऐवजी प्रत्येक गटाची वेगळी छोटी चौकट करावी आणि सर्व चौकटींचे अक्ष सारखे ठेवावेत. गाल्टन यांनाही हा प्रश्न पडला होता. स्त्रिया आणि पुरुष यांच्या उंच्या एकत्र घेण्यासाठी त्यांनी स्त्रियांची प्रत्येक उंची १.०८ ने गुणली होती.

गट दर्शवणारा स्तंभच नसेल तर? अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील ओल्ड फेथफुल या उष्ण पाण्याच्या फवाऱ्याच्या २७२ उद्रेकांची नोंद ‘आर’मध्ये मिळते. उद्रेक किती मिनिटे चालला आणि पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटे थांबावे लागले, यांचा सहसंबंध गुणांक ०.९० आहे, आणि केवळ हा आकडा पाहणारा माणूस अखंड चढत जाणाऱ्या रेषेची कल्पना करील. आलेखात मात्र दोन स्वतंत्र पुंजके दिसतात: सुमारे दोन मिनिटांचे छोटे उद्रेक आणि त्यांच्यानंतर पन्नास-साठ मिनिटांची प्रतीक्षा, तसेच चार ते पाच मिनिटांचे मोठे उद्रेक आणि त्यांच्यानंतर सुमारे ऐंशी मिनिटांची. तीन मिनिटांवर रेघ मारून दोन्ही भाग वेगळे केले, तर प्रत्येकाच्या आतला गुणांक ०.९० च्या खूपच खाली येतो. इथे घट्ट रेषीय संबंध आहे असे लिहिण्यापेक्षा उद्रेक दोन प्रकारचे आहेत असे लिहिणे अधिक खरे.

एकट्या गुणांकावर का विसंबू नये, हे फ्रान्सिस अॅन्स्कॉम्ब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंच्या चार संचांनी दाखवले आहे. चारही संचांत गुणांक ०.८२ आणि रेषाही तीच, पण एक साधा ढग, दुसरा वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने वाकवलेली रेषा आणि चौथ्यात केवळ एका बिंदूच्या आधारावर उभा असलेला संबंध. हे उदाहरण इतके परिचित आहे की अधिक लिहीत नाही.

एक बिंदू म्हणजे काय?

बिंदू म्हणजे व्यक्ती की जिल्हा, हे ठरल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा संबंध तपासला. ४८ राज्यांना बिंदू मानले तर गुणांक उणे ०.५२६ आला, म्हणजे परदेशी जन्मलेले जिथे जास्त तिथे निरक्षर कमी. व्यक्तींना बिंदू मानले तर तो अधिक ०.११८ आला, म्हणजे परदेशी जन्मलेली व्यक्ती निरक्षर असण्याची शक्यता किंचित जास्त. स्थलांतरित लोक मुळातच साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहत होते, एवढेच त्याचे कारण. महाराष्ट्रातील जिल्हावार आकडे घेऊन शेतकऱ्यांविषयी किंवा विद्यार्थ्यांविषयी विधान करताना हाच धोका असतो.

जिल्हावार आलेखात आणखी एक गोम आहे. दोन्ही अक्षांवर एकूण संख्या असतील, उदाहरणार्थ दुचाकींची एकूण संख्या आणि दवाखान्यांची एकूण संख्या, तर पुणे, ठाणे वरच्या उजव्या कोपऱ्यात आणि सिंधुदुर्ग, गडचिरोली खालच्या डाव्या कोपऱ्यात पडणारच, कारण दोन्ही संख्या लोकसंख्येबरोबर वाढतात. म्हणून दर लाख लोकसंख्येमागे किती, असे आकडे घ्यावेत. पण या उपायालाही मर्यादा आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन राशींना तिसऱ्याच एका राशीने भागले, तर भागाकारांमध्ये आपोआप संबंध निर्माण होऊ शकतो, असे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच दाखवले होते. छोट्या लोकसंख्येचे दोन-तीन बिंदू दोन्ही दरांत टोकाला गेलेले दिसले, तर ते वगळून आलेख पुन्हा काढून पाहावा. एका अक्षावर मूळ राशी आणि दुसऱ्यावर तिच्यातूनच वजा करून काढलेला फरक घेणे हीदेखील याच जातीची चूक आहे. बिंदू म्हणजे वर्षे असतील तर ते कालक्रमाने रेषेने जोडावेत; दोन्ही राशी केवळ काळाबरोबर वाढत आहेत की नाही, हे लगेच कळते.

संबंध असायलाच हवा होता, पण दिसत नाही

इथे माहिती कशी निवडली गेली ते विचारावे. नामवंत अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइल आणि पहिल्या वर्षाचे गुण यांचा आलेख जवळजवळ आकारहीन ढग दिसतो, याचे नवल नाही. सगळेच विद्यार्थी पर्सेंटाइलच्या एका अरुंद पट्टीतून आलेले असतात, आणि ज्यांचे गुण कमी होते ते या आलेखात मुळी नाहीतच. क्ष-अक्षावरचा आवाका कापला की संबंध कमकुवत दिसतो, म्हणून प्रवेश परीक्षा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

दुसरी शक्यता संबंध वक्र असण्याची. पीक कमी पावसाने जाते आणि अतिपावसानेही जाते. अशा ठिकाणी सरळ रेषेचा उतार शून्याजवळ येतो आणि गुणांकही. ट्रेंडलाइनऐवजी लोएस ही वळणारी रेषा काढावी. क्लीव्हलंड यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत प्रत्येक ठिकाणी फक्त आसपासच्या बिंदूंचा विचार करते. तिच्या टोकांना, जिथे बिंदू विरळ असतात, तिथल्या वळणांवर मात्र विश्वास ठेवू नये.

हे सगळे करूनही शंका उरली, तर एक तपासणी करता येते. य-स्तंभातील मूल्ये यदृच्छेने उलटसुलट करून एकोणीस खोटे आलेख काढावेत, त्यांत खरा आलेख कुठेतरी मिसळावा आणि वीसही आलेख एकाच मापाने, शीर्षक व ट्रेंडलाइन न देता एका पानावर मांडावेत. मग माहिती परिचयाची नसलेल्या सहकाऱ्याला विचारावे की यातला वेगळा कोणता. संबंध मुळीच नसेल, तर खरा आलेख केवळ नशिबाने निवडला जाण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे पाच टक्के असते. सहकाऱ्याला तो ओळखता आला नाही, तर अहवालात त्या संबंधाचा उल्लेख करू नये. ही निवड स्वतः करून उपयोग नाही, कारण खरा आलेख आपण आधीच पाहिलेला असतो. आणि एका सहकाऱ्याला एक पान एकदाच दाखवावे, दुसऱ्या वेळी स्तंभ नव्याने उलटसुलट करून वेगळ्या माणसाला विचारावे.